टोसीचं कूळ

२०२०च्या जुलैत सुरतेत कोरोना भराला आला होता. वराछा-कतारगामच्या हिऱ्यांच्या घंट्या थंडावल्या होत्या. लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी घरांतून गावाकडे फोन जायचे ते रक्ताच्या रिपोर्टमधल्या आकड्यांचे : सीआरपी इतका, डी-डायमर इतका, आयएल-६ इतका. पाठोपाठ डॉक्टरांची चिठ्ठी यायची, टोसिलिझुमॅब. लोकांच्या तोंडी ‘टोसी’. चारशे मिलिग्रॅमच्या एका कुपीला चाळीस हजारांच्या आसपास.

या टोसीचं घराणं ओसाकाचं. तिथल्या विद्यापीठातले तादामित्सु किशिमोतो १९७०च्या दशकापासून एका प्रश्नाच्या मागे होते : रक्तातल्या बी पेशींना अँटिबॉडी बनवायला सांगतं कोण? टी पेशींमधून काहीतरी झिरपतं आणि त्यानं बी पेशी कामाला लागतात, एवढं दिसत होतं. त्या ‘काहीतरी’चं जनुक तोशियो हिरानो आणि किशिमोतो यांनी १९८६ साली वेगळं काढलं. मग पंचाईत झाली. कुणी याच प्रथिनाला इंटरफेरॉनचा भाऊबंद समजून बसलं होतं. बेल्जियममधल्या मंडळींना ते पेशी वाढवणारं द्रव्य म्हणून सापडलं होतं आणि यकृतावर काम करणाऱ्यांना यकृताला चेतवणारं म्हणून. जनुकाची अक्षरं जुळवून पाहिली तर सगळे एकाच इसमाबद्दल बोलत होते. अखेर त्याला इंटरल्यूकिन-६ हे नाव मिळालं, म्हणजेच आयएल-६.

ही नावांची गर्दी उगाच झाली नव्हती. हे प्रथिन दाह आणि वाढ ही दोन्ही कामं खरोखरच करतं. यकृताला ते सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवायला लावतं, मेंदूला ताप चढवायला लावतं, म्हणजे दाह. उंदराचं यकृत कापलं तर ते पुन्हा भरून येण्यातही त्याचा हात असतो, आणि मायलोमा या कर्करोगाच्या पेशी त्याच्याच जिवावर फोफावतात, म्हणजे वाढ. पण निरोप एकट्यानं पोचत नाही. जुन्या सुरतेतली हुंडी वटवणारा सराफ भेटेपर्यंत नुसता कागदच असायची, तसंच इथे. पेशीवर आयएल-६चा ग्राही (रिसेप्टर) हवा, त्याला जीपी-१३० नावाचा जोडीदार हवा. मग आतली जॅक प्रथिनं जागी होतात, स्टॅट-३ केंद्रकात शिरतं आणि तिथली जनुकं चालू करतं. कोणती जनुकं चालू होणार, ते पेशी कुठली यावर ठरतं. निरोप तोच, यकृत त्याचा एक अर्थ लावतं, बी पेशी दुसरा.

हा निरोप अंगभर काय काय करतो, याचा पुरावा हिरानोंना मिळाला तो हृदयाच्या एका गाठीत. मिक्झोमा ही हृदयाच्या कप्प्यात वाढणारी, कर्करोग नसलेली गाठ. पण काही रुग्णांना तिच्यासोबत ताप यायचा, सांधे दुखायचे, रक्तात नको त्या अँटिबॉडी सापडायच्या. गाठ काढली की सगळं शांत. हिरानोंनी त्या गाठीच्या पेशी तपासल्या तर त्या आयएल-६ ओतत होत्या. हृदयात बसलेली गाठ गुडघा का दुखवते, याचं उत्तर मिळालं. मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

मग औषध ओघानंच आलं. निरोप्याला धरण्यापेक्षा ग्राहीच बुजवायचा. जपानच्या चुगाई कंपनीसोबत तशी अँटिबॉडी तयार झाली. २००५मध्ये कॅसलमन या लसीका ग्रंथींच्या दुर्मीळ आजारासाठी आणि २००८मध्ये आमवातासाठी जपाननं तिला परवानगी दिली. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशी-उपचारानंतर मरणाच्या दारात होती. तिचा आयएल-६ प्रचंड वाढलेला निघाला. या उपचारामागचे डॉक्टर कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, म्हणून त्यांना हे औषध ठाऊक होतं. ते दिलं आणि मुलगी वाचली. ‘सायटोकाइन वादळ’, म्हणजे अशा निरोप्या प्रथिनांचा पूर, आणि टोसी यांची गाठ तिथे पक्की बसली.

कोरोनात हीच गाठ आंधळेपणानं ओढली गेली. चीनमधून टोसी दिलेल्या २१ रुग्णांचा अनुभव आला, तुलनेला दुसरा गट नाही. कोरोना रुग्णांचा आयएल-६ एमिलीसारख्या रुग्णांच्या मानानं कितीतरी कमी असायचा, हे बघायला कुणाला सवड नव्हती. मागणी आली तसे भामटे आले. त्याच जुलैत अहमदाबादच्या एका रुग्णासाठी आणलेल्या खोक्यांचा संशय आला आणि गुजरातच्या औषध प्रशासनानं माग काढला तो सुरतेतल्या एका घरापर्यंत. अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार तिथे भरायचं, सीलबंद करायचं आणि कोड छापायचं यंत्र होतं, आणि नँड्रोलोन हे स्नायू फुगवणारं स्टेरॉइड. ज्यानं खरंच जीव वाचत होते ते डेक्सामेथासोन हेही स्टेरॉइडच, पण काही रुपयांत मिळणारं आणि वेगळ्या जातीचं. त्याचा निकाल जूनमध्येच लागला होता. स्वस्त म्हणूनच ते कुणी नक्कल करण्याच्या लायकीचं मानलं नसावं.

खऱ्या टोसीचा निकाल उशिरा लागला. २९ जुलै २०२०ला जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत ती मुख्य निकषावर नापास झाली. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत चार हजारांवर रुग्णांत नेहमीच्या उपचारांवर ३५ टक्के दगावले, टोसी दिलेल्यांत ३१ टक्के. बहुतेकांना स्टेरॉइडही चालू होतं. फायदा खरा, पण माफक. तोही ऑक्सिजन खालावलेल्या आणि सीआरपी चढलेल्या रुग्णांत. रामबाण म्हणून ती विकली गेली, तेवढी ती कधीच नव्हती.

आज टोसी पुन्हा आमवाताच्या दवाखान्यात आपल्या जागी आहे. आपल्या घरी कुणी ती घेत असेल तर एक लक्षात ठेवा. आयएल-६चा निरोपच अडवलेला असल्यानं न्यूमोनिया झाला तरी ताप चढेलच असं नाही, आणि सीआरपीही वाढेलच असं नाही. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. तेव्हा ताप नसला तरी धाप किंवा खोकला वाढला की दवाखाना गाठा, आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की टोसी चालू आहे.