मूत्रपिंडविकार, कर्करोगसूचक

शरीरात अन्यत्र दडलेल्या कर्करोगाचे निदान होण्यापूर्वी मूत्रपिंडांत प्रकट होणारे विकार. कर्करोगाच्या पेशींनी निर्माण केलेली प्रथिने, त्या पेशींविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे किंवा गाठीचा मूत्रमार्गावर पडणारा दाब ही त्यांची प्रमुख कारणे होत. पायांवर व डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी आणि रक्तात वाढलेले क्रिएटिनीन ही नेहमीची लक्षणे आढळतात. मूत्रपिंडाच्या स्वतःच्या कर्करोगाचा विचार येथे केलेला नाही.

बेन्स जोन्स प्रथिन : लंडनमधील पंचेचाळीस वर्षांच्या एका व्यापाऱ्याला छातीत व पाठीत असह्य वेदना होत. लघवी लागून आतले कपडे कडक होतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. विल्यम मॅकिन्टायर या वैद्याला त्याच्या अंगावर सूज दिसली, म्हणून त्याने लघवी तापवून पाहिली. ती किंचित गढुळली; नायट्रिक अम्ल घालताच निवळली; थंड झाल्यावर पुन्हा थिजली आणि तापवल्यावर परत पातळ झाली. अंड्यातील पांढऱ्याप्रमाणे उष्णतेने कायमचे साकळणारे अल्ब्युमिन असे वागत नाही. मॅकिन्टायर आणि टॉमस वॉटसन यांनी १८४५ च्या नोव्हेंबरात नमुने सेंट जॉर्ज रुग्णालयातील रसायनतज्ज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवले. जानेवारी १८४६ च्या प्रारंभी रुग्ण दगावला. शवचिकित्सेत हाडे सुरीने कापता येतील इतकी मऊ व ठिसूळ आढळली; मूत्रपिंडे मात्र वरकरणी निरोगी दिसली. अशा अस्थिविकारात हा पदार्थ लघवीत शोधलाच पाहिजे, असा आग्रह बेन्स जोन्स यांनी आपल्या लेखनात धरला. रक्ताच्या वा अन्य द्रवाच्या चाचणीवरून कर्करोग ओळखण्याचा हा पहिला मार्ग मानला जातो. शोधाचे श्रेय मात्र बेन्स जोन्स यांच्याच नावाला चिकटले. लघवी प्रथम तापवणारा मॅकिन्टायर मागे पडला, हा त्याच्यावर अन्याय आहे.

हे प्रथिन म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात (मल्टिपल मायलोमा) बेसुमार तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या हलक्या शृंखला, हे एडलमन व गॅली यांनी १९६२ मध्ये सिद्ध केले. मूत्रनलिकांत या शृंखला तेथील युरोमोड्युलिन या प्रथिनाशी जुळून घट्ट बुचे बनवतात व मूत्रपिंड झपाट्याने निकामी होते. पाठदुखीवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, शरीरातील पाणी कमी होणे आणि रक्तात वाढलेले कॅल्शियम यांमुळे हे अधिक लवकर घडते.

निदानातील मोठा धोका येथेच आहे. लघवीत बुडवायची नेहमीची रासायनिक पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. हलक्या शृंखला तिला जवळजवळ दिसत नाहीत. पट्टीवर प्रथिन नाममात्र, पण चोवीस तासांच्या लघवीत भरपूर, अशी तफावत आढळल्यास मायलोमाचा संशय घ्यावा. पन्नाशीपुढील व्यक्तीत पंडुरोग, हाडांचे दुखणे आणि अकारण वाढलेले क्रिएटिनीन एकत्र दिसत असता केवळ पट्टीवर विसंबून तिला घरी पाठवणे घातक ठरते. रक्त व लघवीचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि रक्तातील मुक्त हलक्या शृंखलांचे मापन या चाचण्या कराव्यात.

मेंब्रेनस नेफ्रोपथी : घन गाठींच्या कर्करोगाशी सर्वाधिक जोडला गेलेला विकार. केशिकागुच्छांच्या आवरणात प्रतिपिंडसंकुले साठून लघवीवाटे अल्ब्युमिन वाहून जाते. ली व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये नेफ्रोटिक सिंड्रोमच्या (लघवीवाटे भरपूर प्रथिन जाऊन अंगावर सूज येण्याच्या विकाराच्या) १०१ रुग्णांपैकी ११ जणांत कर्करोग नोंदवला. फ्रान्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंब्रेनस नेफ्रोपथीच्या २४० रुग्णांपैकी २४ जणांना कर्करोग होता आणि मूत्रपिंडाची बायोप्सी झाली त्या वेळी त्यांतील सुमारे निम्म्यांनाच कर्करोगाची लक्षणे होती. फुप्फुस व प्रोस्टेट येथील कर्करोग प्रमुख; वाढते वय व धूम्रपान यांनी शक्यता वाढते. २००९ मध्ये सापडलेले पीएलए२आर-विरोधी प्रतिपिंड बहुतांश प्राथमिक रुग्णांत आढळते. ते असल्यास कर्करोगाची शक्यता कमी धरली जाते, पण नाहीशी होत नाही. प्रत्येक रुग्णात कर्करोगाचा शोध कितपत घ्यावा, याबाबत एकवाक्यता नाही.

हॉजकिन लिंफोमा : यात बहुधा मिनिमल चेंज प्रकारचा नेफ्रोटिक सिंड्रोम होतो, कधी गाठी दिसण्यापूर्वी काही महिने. लिंफोमावरील उपचारांनी सूज ओसरते, रोग उलटला की परतते.

अवरोधजन्य विकार : गर्भाशयमुखाचा कर्करोग दोन्ही मूत्रवाहिन्या दाबतो, तेव्हा मूत्रपिंड निकामी होणे हेच क्वचित पहिले लक्षण ठरते. प्रोस्टेटच्या कर्करोगातही असा अवरोध होतो.

लहान मुले : मुलांतील नेफ्रोटिक सिंड्रोम सहसा कर्करोगाशी निगडित नसतो.

भारतातील निरीक्षणे : मेंब्रेनस नेफ्रोपथीतील एनईएलएल१ या प्रतिजनाचा संबंध अमेरिकेत कर्करोगाशी जोडला गेला, तेथील एका मालिकेत अशा सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कर्करोग होता. भारतात चित्र वेगळे दिसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील अभ्यासात या प्रकारच्या अनेक रुग्णांनी पारायुक्त पारंपरिक औषधे घेतली होती. केरळात त्वचा उजळवणाऱ्या पारायुक्त मलमांशी संबंध आढळला. औषध वा मलम बंद केल्यावर बऱ्याच जणांच्या लघवीतील प्रथिन घटले. म्हणून असा बायोप्सी अहवाल हाती आल्यावर कर्करोगाच्या तपासण्यांसोबत रुग्ण कोणती चूर्णे, भस्मे व मलमे वापरतो, हे नावानिशी विचारून घ्यावे लागते.