तुला कॅलिगारी व्हावंच लागेल!

तुम्ही पोचता तेव्हा बर्लिनमध्ये फेब्रुवारी १९२० चालू आहे. संध्याकाळचे पाचही वाजलेले नाहीत आणि अंधारून आलंय. कोळशाची टंचाई आहे, त्यामुळे रस्त्यावरचे बरेचसे दिवे पेटतच नाहीत. पायाखाली बर्फाचा चिखल, ट्राम खच्चून भरलेली. कोपऱ्यावर लष्करी कोटातला एक तरुण काडेपेट्या विकत उभा आहे. कोटाची डावी बाही रिकामी आहे, दुमडून पिनेने टाचलेली. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत नाहीत. अशी माणसं शहरात इतकी झाली आहेत की नजर आपोआप दुसरीकडे वळते. महायुद्ध संपून सव्वा वर्ष झालं, पण मरण काही शहर सोडून गेलेलं नाही. गेल्याच महिन्यात, १३ जानेवारीला, राइशस्टागसमोर जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला आणि ४२ माणसं मेली.

चौकात एक जाडजूड गोल खांब आहे, माणसाच्या दुप्पट उंचीचा. एर्न्स्ट लिटफास नावाच्या मुद्रकाने १८५५ साली बर्लिनमध्ये असे खांब उभारले, कारण लोक दिसेल त्या भिंतीवर कागद डकवत सुटले होते. तेव्हापासून शहराला जे काही सांगायचं असेल ते या खांबांवरून सांगितलं जातं. जवळ जा. कागदावर कागद, त्यावर आणखी कागद, खळीने फुगलेले. साबण, सिगारेट, कॅबरे, राजकीय सभा. गेल्या वर्षी याच खांबांवर एक चित्र होतं: नटलेली बाई एका सांगाड्याला बिलगून नाचते आहे, आणि बर्लिनला बजावलं जातंय की थांब, तुझ्याबरोबर नाचतोय तो मृत्यू आहे. अशा शहराला पोस्टर लावून घाबरवायचं म्हणजे किती अवघड, याचा जरा विचार करा.

आता डोळ्यांच्या उंचीवरचा हा कागद वाचा.

‘तुला कॅलिगारी व्हावंच लागेल!’

चित्रपटाचं नाव नाही, नटनट्या नाहीत, थिएटर नाही. हा चित्रपट आहे हेसुद्धा कुठे म्हटलेलं नाही. तुमच्या शेजारी हातात पिशवी घेतलेली एक बाई थांबते, ओठ हलवत वाचते आणि कपाळाला आठ्या घालून पुढे जाते. कॅलिगारी म्हणजे काय? माणूस, औषध, नवा पक्ष, एखादा पंथ? आणि व्हावंच लागेल म्हणजे? सक्ती कोणाची? वर्तमानपत्र उघडलंत तर तिथेही हेच वाक्य. काही आठवडे शहर हे वाक्य वागवतंय. भयपटाच्या जाहिरातीत याहून धीट काम माझ्या पाहण्यात नाही. राक्षस नाही, रक्त नाही. फक्त एक आज्ञा, आणि तीही अशा लोकांना, ज्यांनी चार वर्षं आज्ञा पाळून आपली पोरं गमावली आहेत.

या चित्रपटाची पोस्टर्स करणाऱ्यांत एरिक लुडविग श्टाल आणि ओटो आर्पके ही चित्रकारांची जोडी होती. त्या काळातलं पोस्टर कसं तयार होतं ते बघायला छापखान्यात शिरा. तिथे घाई करू नका.

आत टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास आहे. टेबलावर बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड, फिकट पिवळसर, उचलायला दोन-तीन गडी लागतील असा. आपल्याकडच्या शिळाछाप पोथ्या ज्या पद्धतीने छापल्या गेल्या तीच ही पद्धत: तेलकट खडूने किंवा शाईने दगडावर काढायचं, डिंक आणि नायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवायचं, मग दगड ओला ठेवून त्यावर रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट जागी बसते. सगळं उलटं काढावं लागतं, अक्षरंसुद्धा, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड.

चित्रकाराच्या हाताकडे बघा. काळोख हवा तिथे त्याने अख्खा भाग तेलकट काळ्या शाईने भरून टाकलाय. आता तो सुई घेतो आणि त्या काळ्यातून उजेड खरवडून काढतो. गालाच्या हाडावर एक ओरखडा, डोळ्याच्या खाचेखाली दोन, नाकाच्या कडेला एक बारीक रेघ. चेहरा काळोखातून वर आला. आणखी चार रेघा मारल्या तर तो नुसता एखाद्या माणसाचा चेहरा होईल; तो सुई खाली ठेवतो. कुठे थांबायचं हे कळण्यातच या माणसाची सगळी कला आहे. छपाईच्या वेळची आणखी एक खुबी लक्षात ठेवा. नुसता काळा रंग कागदावर करडा, मेलेला दिसतो. म्हणून आधी गडद लाल किंवा निळा छापून घेतात आणि काळा त्यावर चढवतात. मग त्या काळ्याला खोली येते. लांबून फक्त अंधार दिसतो, जवळ गेलं की अंधाराच्या आत काहीतरी तापलेलं आहे असं वाटतं.

आता थोडे दिवस मागे चला, शहराच्या ईशान्येला वायसेनझेच्या लिक्सी स्टुडिओत. जानेवारी महिना. आत चित्रीकरण चालू आहे आणि समोरचं गाव बघून तुम्ही जागच्या जागी थबकता. घरं एकमेकांवर कलंडलेली, खिडक्या तिरक्या, धुराडी वाकडी. सगळं कापडावर रंगवलेलं. हेरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्‍योरिग या तिघा चित्रकारांनी हे नेपथ्य केलंय. खाली जमिनीकडे बघा: दिव्याचा उजेड पडलेला दिसतो तो उजेड नाही, पांढरा रंग आहे. भिंतीवरची सावलीसुद्धा ब्रशने काढलेली. दिवे हलवा, विझवा, ती सावली जागची हलणार नाही. कॉनराड व्हाइट हा नट अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे घालून भिंतीला चिकटून सरकतो, हात वर ताणलेला, आणि क्षणभर कळत नाही की माणूस कुठे संपला आणि रंगवलेली भिंत कुठे सुरू झाली.

वार्मचं म्हणणं असं की चित्रपटाची चौकट रेखाचित्र झाली पाहिजे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. एरवी चित्रपट आधी होतो आणि पोस्टरवाला त्यातली छायाचित्रं समोर घेऊन काही जुळवतो. इथे चित्रपटच पोस्टरसारखा रचला गेला. खांबावरचा कागद आणि पडद्यावरचं गाव एकाच मनातून उतरले, म्हणून रस्त्यात भेटलेली भीती थिएटरच्या दारात फसवी ठरली नाही.

ते दार आता उघडतंय. २६ फेब्रुवारी, कुर्फ्युर्स्टनडामवरचं मार्मोरहाउस, दर्शनी भाग पांढऱ्या संगमरवराचा. १९१३ मध्ये ते उघडलं तेव्हा आतली सजावट सेझार क्लाइन या चित्रकाराने केली होती. या थिएटरची पोस्टर्स करणाऱ्यांत पंचविशीतला योसेफ फेनेकर आहे. त्याच्या पोस्टरमधली माणसं ओळखायला सोपी: लांबलचक बोटं, आजारी कातडी, जड पापण्या, आणि मागे असा काळोख की देह त्यात विरघळायला लागलेत. पुढे त्याने चित्रपटांची शेकडो पोस्टर्स केली. त्याच्या चित्रातली सुंदर बाईसुद्धा सुखरूप वाटत नाही.

बसा. वाद्यवृंद सुरू झाला. दिग्दर्शक रोबेर्ट वीनेचा ‘डॉक्टर कॅलिगारीचं कॅबिनेट’. मूकपट असल्यामुळे मधूनमधून पाट्या येतात, आणि त्या पाट्यांवरची अक्षरंही तुटकी, टोकदार, हाताने काढलेली. जत्रेत आलेला जादूगार डॉक्टर, त्याच्या पेटीत झोपलेला सेझारे, म्हणजे मघाचा कॉनराड व्हाइट, आणि रात्री होणारे खून. शेवटाकडे एक प्रसंग येतो. वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख रात्री बाहेर धावत सुटलाय, झपाटलेला. आणि त्याच्या भोवती हवेत अक्षरं उमटायला लागतात. भिंतीवर, झाडाच्या फांद्यांमध्ये, आकाशात. तुला कॅलिगारी व्हावंच लागेल.

सभागृहाकडे वळून बघा. हेच वाक्य या लोकांनी कामावर जाताना खांबावर वाचलंय, पेपरात वाचलंय, शेजाऱ्याला त्याचा अर्थ विचारलाय. आत्ता त्यांना कळतंय की ज्या वाक्याने पडद्यावरचा माणूस वेडा होतोय ते गेले काही आठवडे त्यांच्याच डोक्यात होतं. पोस्टरने चित्रपटाची बातमी दिली नव्हती. त्याने त्यांना आधीच चित्रपटात ओढून घेतलं होतं.

हे सगळं करायला मोकळीक होती तीही विलक्षण. नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीत जर्मनीतली चित्रपटांची सेन्सॉरशिप उठली होती आणि नवा कायदा मे १९२० मध्ये यायचा होता. या दीड वर्षाच्या फटीत बराच गल्लाभरू मालही निघाला, पण कॅलिगारीही निघाला.

बर्लिनहून क्षणभर पुण्याला या, कारण महिना तोच आहे. ७ फेब्रुवारी १९२० ला आर्यन थिएटरमध्ये बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ लागला. कोल्हापूरचा हा माणूस नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळला, कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टर्सही स्वतःच रंगवायचा. ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका जिवंत उतरला की प्रेक्षक किंचाळले, आणि ते दृश्य पुढे काढून टाकावं लागलं. वार्म आणि बाबूराव यांना एकमेकांचं नावही माहीत असायचं कारण नव्हतं. पण दोघेही ब्रश घेऊन चित्रपटात आले, आणि पडद्यावरची भीती आधी रंगवावी लागते हे दोघांनाही ठाऊक होतं.

परत बर्लिन, दोन वर्षं पुढे. ४ मार्च १९२२. प्राणिसंग्रहालयाच्या आवारातलं संगमरवरी सभागृह. पाहुण्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या थाटाचे कपडे घालून यायला सांगितलंय, म्हणून तुमच्याभोवती फुगीर झगे आणि उंच गळपट्टे आहेत. दिग्दर्शक मुर्नाउच्या ‘नोस्फेरातू’ या भयपटाचा हा पहिला खेळ. याच्या मागे आल्बिन ग्राउ हा चित्रकार आहे, गूढविद्येत बुडालेला. त्याने एन्रिको डीकमानबरोबर प्राना-फिल्म ही कंपनी काढली. नेपथ्य त्याचं, वेशभूषा त्याची, जाहिरातीची चित्रं त्याची. त्याच्या रेखाटनांतला पिशाच्च कॅलिगारीपेक्षा वेगळा आहे: टकला, हाडकुळा, नखं वाढलेली, भोवती उंदीर. १९१८ ची फ्लूची साथ पाहिलेल्या शहराला त्या उंदरांमागची साथीची भीती समजावून सांगावी लागत नव्हती. ग्राउने मासिकात लिहून लोकांना सांगितलं होतं की १९१६ च्या हिवाळ्यात, युद्धात असताना, सर्बियातल्या एका शेतकऱ्याकडून त्याने पिशाच्च झालेल्या बापाची हकिकत ऐकली. जाहिरातीवर कंपनीने एवढा पैसा ओतला की त्याच वर्षी दिवाळं निघालं. कथा ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीशिवाय घेतलेली, त्यामुळे ब्रॅम स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपल्याला हा चित्रपट माहीत आहे.

पोस्टरला तर नष्ट करायला आदेशही लागत नाही. दोन आठवड्यांत त्यावर पुढचा कागद बसतो. म्हणून निघण्याआधी बर्लिनमध्ये आणखी एक घर बघा, हान्स झाक्स या दंतवैद्याचं. शाळेत असल्यापासून तो पोस्टर्स जमवतोय. १९०५ मध्ये त्याने पोस्टरप्रेमींची संस्था काढली, १९१० पासून ‘दास प्लाकाट’ हे नियतकालिक चालवलं. दिवसा लोकांचे दात बघायचे आणि उरलेला वेळ कागदाचे ताव निगुतीने सपाट करून ठेवायचे. जवळजवळ १२,५०० पोस्टर्स. झाक्स ज्यू होता. १९३८ मध्ये गोबेल्सच्या आदेशावरून सगळा संग्रह उचलून नेला गेला, झाक्सला छळछावणीत टाकलं, आणि सुटका झाल्यावर तो देश सोडून अमेरिकेला गेला. पुढे संग्रहाचा जो भाग सापडला तो बर्लिनच्या संग्रहालयात राहिला. २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो मुलाला, पेटर झाक्सला, परत करायला लावला. चार हजारांवर पोस्टर्स उरली होती. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव सुरू झाला.

आजच्या भयपटांची पोस्टर्स मी बघतो तेव्हा मला वाईट वाटतं. निळसर काळोख, अर्धा चेहरा, एक पांढरा डोळा. दहा चित्रपटांची नावं आपसांत बदलली तरी कळणार नाही. संगणकावर काळं करायला एक बटण पुरतं, म्हणून त्या काळ्यात कोणी काही ठेवत नाही. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी फेनेकर आणि श्टाल-आर्पके यांची मूळ शिळाछाप पोस्टर्स संग्रहालयात जाऊन पूर्ण आकारात बघावीत, कडेला नाक लावून, जिथे काळा थोडा सरकलाय आणि खालचा रंग दिसतो.