कन्नड तालुक्याचा प्राचीन व मध्ययुगीन इतिहास

कन्नड हा छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील तालुका असून कन्नड शहर गोदावरीची उपनदी शिवना हिच्या काठी वसले आहे. तालुक्याच्या उत्तरेस अजिंठा-सातमाळा डोंगररांग आहे. ती गोदावरीचे खोरे आणि खानदेश यांच्यामधील नैसर्गिक सीमा होय. ही रांग ओलांडणाऱ्या घाटवाटांनी या भागाचा इतिहास घडवला.

प्राचीन काळ
पितळखोरा येथील बौद्ध लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून कोरली गेली. ती हीनयान परंपरेतील असून चैत्यगृह क्र. ३ आणि विहार क्र. ४ विशेष महत्त्वाचे आहेत. येथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत राजांपेक्षा सामान्य दात्यांची नावे अधिक ठळकपणे आढळतात. प्रतिष्ठान (पैठण) येथील गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, कुळातील मितदेव याने चैत्यगृहातील एका स्तंभाचे दान दिले. राजवैद्य मगिल व त्याच्या कुटुंबीयांच्याही दानांचे उल्लेख आहेत. येथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कान्हदास या सोनाराने घडवल्याचा लेख आहे. ही मूर्ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे इ.स.च्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास महायान काळात लेण्यांत चित्रे रंगवण्यात आली.

यादव काळ
बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या भिल्लमाने स्वतंत्र यादव सत्ता स्थापन केली. देवगिरी तिची राजधानी झाली. पितळखोऱ्याच्या पायथ्याशी, आजच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे यादवांचे मांडलिक निकुंभ राज्य करीत होते. तेथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

सल्तनत काळ
इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. इ.स. १३१८ मध्ये यादव सत्ता संपुष्टात आली आणि पुढे हा प्रदेश तुघलक, बहमनी व निजामशाही अंमलाखाली आला. खानदेशात फारुकी घराण्याची सत्ता असल्याने डोंगररांग पुन्हा राजकीय सीमा बनली. तिच्यावरील अंतूर किल्ल्याचे महत्त्व यामुळेच होते. किल्ल्यावर निजामशाहीकालीन पर्शियन शिलालेख आहे. इ.स. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या ताब्यात गेले व इ.स. १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला. त्यानंतर डोंगररांगेच्या दोन्ही बाजूंस मुघलांचा अंमल आला आणि अंतूरचे सरहद्दीवरील किल्ला म्हणून असलेले महत्त्व ओसरले.