थंड इंजिनाची सकाळ

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने गाडीच्या चोकवर बोलावं, याचं काही मंडळींना हसू येईल. येऊ द्या. पण जुनी गाडी ज्यांनी वापरली आहे, त्यांना हिवाळ्यातली ती सकाळ ठाऊक आहे. सेल्फ मारला, इंजिन लागलं, दोनदा थरथरलं आणि बंद. पुन्हा तेच. दहा मिनिटांनी मात्र तीच गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. तीच गाडी, तेच पेट्रोल. मग सकाळी बिघडलेलं दहा मिनिटांत दुरुस्त कसं होतं? याचं उत्तर शोधायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

मूळ गोष्ट अशी, की पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. गरम इंजिनाला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा पुरते. थंड इंजिनात पेट्रोलचा हलका अंश तेवढा वाफ होतो. बाकीचं थंड धातूच्या भिंतीला ओल धरावी तसं चिकटून बसतं. म्हणून सकाळी पेट्रोल जास्त पाजावं लागतं. शिवाय ऑइल घट्ट झालेलं असतं, इंजिन जड फिरतं, म्हणून रेसही थोडी वाढवून ठेवावी लागते. या दोन मागण्या आहेत, एक नाही. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सुरुवातीच्या गाड्यांत यावर काही इलाज नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वाटेत व्हीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं आणि तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. गाडीचा दोष रस्त्यात उभं राहून शोधण्याचं हे बहुधा पहिलंच नोंदलेलं उदाहरण, आणि ते एका बाईच्या नावावर आहे. आमच्या विद्यार्थिनींना आम्ही हे मुद्दाम सांगत असू. त्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा खेचली जाई, जेवढी वाफ मिळेल तेवढी मिळेल. पुढे १८९३ मध्ये बुडापेस्टला बांकी आणि चोंका यांनी, आणि जर्मनीत मायबाखने, पेट्रोल बारीक तोटीतून हवेत फवारण्याची युक्ती बसवली. आपला कार्बोरेटर तो हाच. आता तोटीवरची हवा अडवली, की ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. हवा अडवणारी ती पत्र्याची झडप म्हणजे चोक. गळा दाबणं हाच त्या शब्दाचा अर्थ.

झडप आली, पण ती किती आणि कधी दाबायची? ते माणसाच्या हातात होतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ ची. समोर उभं राहून हँडल मारायचं, आणि रेडिएटरजवळची तार ओढून चोक द्यायचा. कडाक्याच्या थंडीत लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवत, नाही तर घट्ट ऑइलमुळे गाडी सुरू होता होताच अंगावर येई. कोणी मॅनिफोल्डवर गरम पाणी ओतत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवला. हँडल गेलं, चोक राहिला.

आपल्याकडे तो बराच राहिला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फिएट बाहेर पडे, म्हणजे पुढची पद्मिनी, तिच्यात चोक हातानेच ओढायचा. मुंबईकराला त्याची गरज क्वचित. पुणे-नाशिककराला डिसेंबरात रोज. स्कूटरवाल्यांची तर रीतच वेगळी: स्कूटर कलंडवायची, कार्बोरेटर ओला करायचा, मग किक. कोणी शिकवलं? कोणीच नाही. शेजारच्यांना पाहून. चोक किती ओढायचा, अर्धा कधी आत ढकलायचा, हे आवाजावरून ठरे. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, कानात होतं.

अमेरिकेत मात्र १९३० च्या दशकातच ते कानातून काढून एका स्प्रिंगमध्ये घातलं गेलं. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून गुंडाळलेली स्प्रिंग. ऊब मिळाली, की दोन्ही सारख्या वाढत नाहीत, त्यामुळे ती वळते आणि चोक उघडते. रेस वाढवायला शेजारी पायऱ्यांचा एक तुकडा. आमच्या त्या दोन मागण्या इथे दोन वेगळ्या भागांनी पुरवल्या, आणि त्या दोघांचं बिनसलं, की जुनी गाडी त्रास देते. लागून लगेच मरत असेल, तर चोक पुरता मिटत नाही किंवा हवा कुठून तरी आत येते आहे. लागते, पण चार मिनिटांनी काळा धूर टाकून गुदमरते, तर चोक उघडत नाही. मिश्रण ठीक असून नुसती रेस पडत असेल, तर पायरी झिजली आहे.

मग प्रदूषण आलं. थंड इंजिनाला जास्त पाजलेलं पेट्रोल अर्धवट जळून बाहेर पडतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामच करत नाही. म्हणजे सगळी घाण पहिल्या काही मिनिटांत. बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं, ते याच कॅलिफोर्नियाच्या नियमांच्या धाकाने. इंजिन थंड आहे का, हे आता एक सेन्सर सांगू लागला. तो खराब झाला, तर गरम इंजिनालाही ‘बर्फ पडलाय’ म्हणून सांगतो, आणि यंत्र बिचारं विश्वास ठेवून पेट्रोल ओततं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला, आणि पुढच्या काही वर्षांत चोकची मूठ डॅशबोर्डवरून नाहीशी झाली.

आता एक गोष्ट सांगतो, जी आम्ही वर्गात कधी सांगितली नाही.

आमच्याकडे एक जुनी गाडी होती. कोणती, ते महत्त्वाचं नाही. एका डिसेंबरात शनिवारी गॅरेजमध्ये एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिचा कार्बोरेटर साफ केला. सोमवारी सकाळी गाडी आयडलिंगला उभी राहीना. चोक ओढला की धडधडे, अर्धा सोडला की बंद. मालक म्हणाला, पोरानं स्क्रू बिघडवला. आम्ही मान डोलावली. वर म्हणालो, शनिवारपर्यंत ठीक होती खरी. मुलाचे त्या दिवसाचे पैसे कापले गेले. तो पुढे आलाच नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आम्ही दरवर्षी काकतालीय न्याय म्हणून शिकवत होतो! आधी घडलं म्हणून कारण नव्हे. अन्वय हवा आणि व्यतिरेकही हवा. ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं. मिलने १८४३ च्या ग्रंथात भेदाची पद्धत म्हणून हेच मांडलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही काय केलं? तीन आठवड्यांत जेट बदलला, प्लग बदलले, पॉइंट बदलले. एकदम.

शेवटी एका वयस्क मिस्त्रीने फक्त विचारलं, “गरम झाल्यावर बरी होते ना?” मग तेलाच्या कॅनमधून पाण्याचे चार थेंब मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला मिळतो त्या सांध्यावर सोडले. आवाज लगेच बदलला. पुसलं, पुन्हा मूळचा. पुन्हा थेंब, पुन्हा बदल. अन्वय, व्यतिरेक, अन्वय; सगळं मिळून दोन मिनिटं. तिथलं पॅकिंग जुनं होऊन तडकलं होतं, आणि इंजिन तिथून हवा घेत होतं. गरम इंजिन थोडी जास्तीची हवा खपवून घेतं, थंड घेत नाही. मुलाने तो सांधा उघडलाही नव्हता. आणि सोमवारीच का? तर शनिवारी रात्री थंडीची लाट आली होती. हे आम्हाला रविवारी ट्रंकेतून स्वेटर काढताना कळलं होतं.

आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मालकाकडे मुलाचा पत्ता नव्हता. गावाकडे गेला असेल म्हणाला. कोणतं गाव, ते त्याला सांगता आलं नाही. नंतर दोन-तीनदा आम्ही विचारत राहिलो, पण काही कळलं नाही.

बरं. आता आपले प्रश्न घेऊ.