एकोणीस कोटींचं लग्न

आमच्या शाखेतले एक अधिकारी गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे स्कॉटलंडला जाऊन आले. माणूस परदेशात जाऊन आला की महिनाभर त्याचं शरीरच तेवढं कामावर रुजू होतं. हे गृहस्थ कॅशच्या पेटीला कुलूप लावतानासुद्धा तिकडच्या हवेबद्दल बोलत. जळगावात पारा ४४ च्या पुढे गेलेला, पंखा गरम वारा फेकतोय, आणि हे सांगताहेत की तिकडे जूनमध्येही स्वेटर लागतो. आम्ही ऐकून घेतलं. रजेचे अर्ज त्यांच्याच सहीने मंजूर होतात.

पण एके दिवशी त्यांनी मोबाइलवर डंडी नावाच्या गावातल्या एका धुराड्याचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "२८२ फूट! १८६५-६६ सालचं! तागाच्या गिरणीचं. असं काही तुम्ही पाहिलेलं नसणार."

इथे माझा संयम सुटला. मी अमळनेरचा आहे. धुराडं म्हणजे काय हे मला सांगायला डंडीहून माणूस यावा लागत नाही. आमच्या घराच्या ओट्यावर उभं राहिलं की प्रताप मिलचं धुराडं दिसायचं. शाळेत पृथ्वीचा आस शिकवला तेव्हा मला वाटलं, तो हाच.

साहेबांनी डंडीची आणखी एक गोष्ट सांगितली. त्या गावाची ओळख म्हणे तीन शब्दांत सांगतात : ज्यूट, जॅम आणि जर्नालिझम. मी त्याच रात्री बसून अमळनेरचे तीन शब्द काढले : गिरणी, गुरुजी आणि गोडेतेल. जॅमपेक्षा गोडेतेल केव्हाही भारदस्त. जॅमवर शेवभाजी होत नाही.

आता गिरणीपासून सांगतो. पण तिच्या आधी अमेरिकेला जावं लागेल. घाबरू नका, लगेच परत आणतो. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं अमेरिकेतली दोन टोकं एकमेकांशी लढली. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. कापूस कुठे मिळेल म्हणून साहेब लोक जगभर हिंडू लागले, तेव्हा त्यांना आमचं खानदेश आठवलं. काळी जमीन, कोरडी हवा, आणि त्याच दशकात मुंबईहून भुसावळकडे आलेली आगगाडी. कापसाला असा भाव आला की मुंबईत पैसा कुठे ठेवावा हे कळेना. मग तो शेअरांत ठेवला. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळले, शेअरही कोसळले, आणि बँक ऑफ बॉम्बेसारखी बँक १८६८ पर्यंत गुंडाळावी लागली. बँकेतला माणूस म्हणून हा भाग मी पटकन उरकतो.

कापूस मात्र राहिला. जळगावात १८७० नंतरच्या दशकात खानदेश मिल उभी राहिली. तोपर्यंत कलेक्टर कचेरीचं गाव असलेल्या धुळ्याला जळगावाने पैशाच्या बाबतीत टक्कर द्यायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. धुळं वसवलं ते ब्रिग्ज नावाच्या कॅप्टनाने, १८१९ च्या सुमारास. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. आमची आत्या गल्ली नंबर अमुकमध्ये राहते आणि न्यूयॉर्कमध्ये राहत असल्यासारखं सांगते. ह्या आत्याकडे आपल्याला पुढे यायचंच आहे.

अमळनेरात गिरणी निघाली १९०६ साली. काढली प्रतापशेठांनी. त्यांचं पाळण्यातलं नाव मोतीलाल माणेकचंद, पण ते आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं. गावाच्या लेखी ते श्रीमंत प्रतापशेठ. ह्या माणसाचं एक मला आजही उमगत नाही. गिरणी काढून पैसा मिळाल्यावर शहाण्या माणसाने दुसरी गिरणी काढावी. त्यांनी तीही काढली, धुळ्याला. पण मध्येच १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं! ब्रह्म सत्य की जगत सत्य याचा निकाल लावण्यासाठी देशभरातून पंडित आणून त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली. बंगालहून कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे मोठे तत्त्वज्ञ बोरी नदीच्या काठी येऊन राहिले. तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक इथून निघत असे. म्हणजे गावाच्या एका बाजूला शंभर खटपटी करून सूत तयार होत होतं, आणि दुसऱ्या बाजूला ते सूत मुळात आहेच का, यावर पगारी चर्चा चालू होती. डंडीला हे जमलं नाही.

ह्याच मंदिरात शिकायला म्हणून पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक लाजाळू तरुण आले, आणि १९२४ साली प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. १९३० पर्यंत ते तिथे होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे, आणि रात्री जागून त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहायचे. मग नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली ती ह्याच साने गुरुजींनी उतरवून घेतली. खानदेशात तयार झालेला सगळ्यात टिकाऊ माल कोणता असं कोणी विचारलं तर मी कापडाचं नाव घेणार नाही.

गुरुजींमुळे आमचं बालपण फार अवघड गेलं. गावात कुठल्याही मुलाने अंथरुणाची घडी घातली नाही की वडीलधारं माणूस म्हणायचं, "अरे, गुरुजी दुसऱ्यांचे कपडे धूत होते, आणि तुले स्वतःची चादर घडी करता येस नही!" माझे वर्गमित्र नाशकात, पुण्यात सुखाने अस्वच्छ राहिले. अमळनेरच्या मुलाच्या मागे इतिहास केरसुणी घेऊन उभा.

आमचे वडील गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. भोंगा झाल्यावर दारातून कोण उशिरा आत आलं ते लिहिणं हे त्यांचं काम. भोंग्याबद्दल आजच्या मुलांना सांगून पटत नाही. गावात घड्याळं होती, पण ती भोंग्याला मिळवून घेण्यासाठी. पहाटेच्या भोंग्याला आई बंब पेटवायची. दुसऱ्याला आमची शाळेची गडबड. बायका कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा हे सांगतात, आमच्याकडे भाकरी भोंग्यावर मोजत. आजीला विचारलं, "वडील कधी जन्मले?" तर ती म्हणायची, "रातपाळी सुटानी येळ व्हती." एवढ्यावर एका ज्योतिषाने पत्रिका मांडली, आणि ती बऱ्यापैकी जमली.

घरात वडील म्हणजे दुसरं टाइम ऑफिस. जेवायला हाक मारल्यावर पाच मिनिटांनी आलात तर ताट वाढलेलं असे, पण ते तोंडाने काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पुढे बँकेत अंगठ्याने हजेरी लावायचं यंत्र आलं तेव्हा सगळे घाबरले. मला त्यात ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

आता गोडेतेल. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड नावाची कंपनी काढली. आजूबाजूला भुईमूग भरपूर, म्हणून वनस्पती तुपाचा कारखाना. सनफ्लॉवर हे त्या तुपाचं नाव. तूप करताना जे उरे त्यातून ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण निघे. वारा फिरला की गावाला कधी तेलाचा वास, कधी साबणाचा. डोळे मिटून मी तो आजही ओळखेन, आणि ओळखल्यावर मला भूक लागेल, ही खात्री आहे.

१९६६ साली प्रेमजी वारले. अमेरिकेत शिकत असलेला २१ वर्षांचा मुलगा अझीम परत आला. तुपाचा कारखाना चालवता चालवता त्याने १९८० च्या सुमारास संगणकात हात घातला. कंपनीचं नावही आखूड होत होत विप्रो झालं. अमळनेरात तेव्हा सर्वसाधारण मत असं होतं की पोरगं चांगलं होतं, पण हे संगणकाचं खूळ तुपाचा धंदा बुडवणार.

आमचे आजोबा शेंगदाण्याच्या अडतीवर मुनीम होते. एका दिवाळीला त्यांच्या शेठने बोनसऐवजी त्या कंपनीचे ५ शेअर हातावर ठेवले. आजीला चांदीचे वाळे हवे होते. तिने ते कागद बघितले आणि दोन दिवस चुलीशी अबोला धरला. आजोबांनी शेअर पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली ठेवले. १९८१ साली एकास एक बोनस मिळून ५ चे १० झाले, तेव्हा आजी म्हणाली, "कागदले कागद व्यायना."

१९८४ साली आत्याचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याच्या गिरणीत. ती गिरणी १९७४ च्या कायद्याने सरकारी झालेली, म्हणजे जावई सरकारी. अशा स्थळाला पाहुणचारही सरकारी लागतो. मंडप, भांडी, आणि पाचशे पानांसाठी खापरावरचे मांडे. पैसे कमी पडले. वडिलांनी पेटी उघडली आणि ते १० शेअर विकले. लग्न थाटात झालं. मी तेव्हा चार वर्षांचा, मांड्याच्या तुपात झोपलो होतो म्हणतात.

पुढची गोष्ट अवघ्या देशाला माहीत आहे. शेअरांना बोनसावर बोनस मिळत गेले, त्यांचे तुकडे पडत गेले. १९८० साली कोणाकडे १०० शेअर असतील आणि त्याने ते नुसते पेटीत विसरून ठेवले असतील, तर २०१० साली त्याच्याकडे ९६ लाख शेअर झाले. अमळनेरला 'करोडपतींचं गाव' म्हणू लागले. मुंबईचे दलाल, टीव्हीवाले येऊन गेले. चहाच्या टपरीवर मळक्या धोतरातला माणूस दिसला तरी ते त्याला वाकून नमस्कार करत. न जाणो.

मी कॉमर्सचा पदवीधर. हिशेब न करता राहणं माझ्या रक्तात नाही. २०१० च्या दिवाळीत अमळनेरच्या ओट्यावर बसून मी त्रैराशिक मांडलं. आमच्या विकलेल्या १० चे झाले असते ४ लाख ८० हजार. भाव तेव्हा ४०० च्या आसपास. कॅल्क्युलेटर आठ आकडी होता. गुणाकाराचं बटण दाबलं आणि त्याच्यावर एका कोपऱ्यात चुकीची खूण उमटली. कागदावर केलं : १९ कोटी २० लाख.

आत्या भाऊबिजेला आलेली होती. तिने आकडा ऐकला, क्षणभर गप्प झाली, आणि तेव्हापासून खानदेशात तिच्याएवढी मानाची सवाष्ण नाही. लग्नाकार्यात कोणी सुनेच्या घरच्यांनी किती खर्च केला ते सांगू लागलं की आत्या पदर सावरून म्हणते, "मना लगनले एकोणीस कोटी लागनात. तुना लगनले कितला लागनात?" आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. त्यांची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पाचकंदिलाजवळ एका दुकानात कापड मोजायचं काम धरलं होतं. ते कधी तिच्यावर रागावले तर ती म्हणते, "इतक्या महाग बायकोशी असं बोलतात?"

वडिलांनी मात्र तो कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि विचारलं, "त्या वर्षी तिचं लग्न झालं नसतं तर पुढच्या वर्षी झालं असतं का?" मला उत्तर देता आलं नाही. त्रैराशिकात ते बसत नव्हतं. त्यांनी तो कागद त्याच पेटीत टाकला.

प्रताप मिलही बंद पडली. करोडपतींचं गाव बघायला येणाऱ्यांपैकी कोणी गिरणीच्या चाळींकडे फिरकलं नाही, कारण तिथे सांगण्यासारखा आकडा नव्हता. बदली कामगार होते त्यांची मुलं सुरतेला गेली. ज्यांचे हात मागावर तयार झाले होते त्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या, वॉचमनच्या टोप्या घातल्या. वडील एका धान्याच्या दुकानात वह्या लिहायला जाऊ लागले. दुकान दहाला उघडे. वडील पहाटेच उठून, अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसत. आई म्हणायची, "अहो, झोपा जरा." ते म्हणत, "झोप होते ना, पण कोणी उठवत नाही म्हणून जाग येते." ह्या वाक्यावर आम्ही पोरं हसलो होतो. मला त्या हसण्याची आता लाज वाटते.

दोन महिन्यांपूर्वी वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला आणलं. आमचे स्कॉटलंडवाले साहेब समाचाराला आले. हातात केळी, खिशात फोटो. एका डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला त्यांनी डंडी दाखवायला घेतलं. तिकडे एका बंद पडलेल्या तागाच्या गिरणीचं म्युझियम केलंय, तिकीट काढून आत सोडतात, जुनी यंत्रं चालवून दाखवतात. आपल्याकडचाच ताग तिकडे जायचा, बंगालचा.

वडिलांनी फोन उघड्या डोळ्याजवळ धरला. मागाच्या फोटोवर बराच वेळ थांबले.

"भोंगा होता का?"

"होता तर! त्याला ते लोक बमर म्हणायचे."

"बमर." वडिलांनी तो शब्द तोंडात घोळवला. त्यांना तो पसंत पडला असावा. "पहिला किती वाजता व्हायचा?"

साहेब गडबडले. म्हणाले, "ते काही विचारलं नाही बुवा."

वडिलांनी फोन परत दिला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मला म्हणाले, "साहेबांना चहा टाक. एवढ्या लांब जाऊन आले, आणि वेळच विचारायची राहिली."