अक्षरं कोरणाऱ्याचं नाव

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात संस्कृत ग्रंथ चाळायला गेलात, तर मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं हाती येतीलच. त्यांच्या अक्षरांचं ते सुबक वळण कुठून आलं? मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी ख्रिस्ती पुस्तकांसाठी देवनागरी खिळे सुधारले. तिथेच जावजी दादाजी लहानपणी खिळे घासायला लागले. पुढे त्यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर काढला. अक्षरं कोरायला होते राणोजी रावजी आरू. मिशनच्या छापखान्यात शिकलेली विद्या अशी पंचांगांच्या नि पोथ्यांच्या कामी आली. जावजींचं नाव राहिलं. आरूंचं किती जणांना ठाऊक आहे? म्हणून तुमच्या मंडळाचं गणपतीचं पत्रक कुणी सजवून दिलं, तर खाली त्याचंही नाव छापा.