फटफटीचा वेग

मंडळी, पिंपळगाव बसवंतला मुंबई-आग्रा रस्त्यालगत घटकाभर उभे राहा. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या गाड्यांमधून एखादी जुनी राजदूत फटफटत येईल. वडिलांनी जपलेली, आता मुलाच्या हाती आलेली. मुलाचा प्रश्न ठरलेला : हिला अजून पळवता येईल का? उपायही ठरलेला : सायलेन्सरच्या आतली नळीच काढून टाकायची! आवाज वाढतो, आणि वेगही वाढल्याचा भास होतो.

खरे उत्तर इतिहासात सापडते. राजदूत मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-११ या गाडीच्या परवान्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात ती आपल्याकडे बनवायला घेतली. इंजिन १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक. अशा साध्या इंजिनात धूर बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातले थोडे धुराबरोबर निसटून जाते.

पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी एमझेड कारखान्यात वाल्टर काडन नावाचा अभियंता याच गळतीच्या मागे लागला. त्याने धुराची नळी आधी रुंदावत नेली, मग निमुळती केली. रुंद भाग धूर ओढून घेतो. निमुळत्या भागावरून दाबाची लाट मागे फिरते आणि निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा आत लोटते. विहिरीत हाक मारावी आणि ती परत यावी, तसेच हे! ही नळी आणि इतर सुधारणा मिळून १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेगनर देश सोडून गेला, आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीकडे पोहोचली. १९६२ साली तो सुझुकीवरून ५० सीसी गटात जगज्जेता झाला.

पाहिलेत ना? वेग होता नळीच्या आकारात, आवाजात नव्हे. शिवाय अशी नळी ठरावीक फेऱ्यांवरच जोर देते. दुधाच्या किटल्या लादून हळू चालणाऱ्या गाडीला ती काय कामाची?

मग आपण काय करावे? धुराच्या वाटेतली काजळी खरवडून काढावी, कार्ब्युरेटर आणि हवेची जाळी धुवावी, चेन ताणून घ्यावी, चाकांत हवा बरोबर भरावी. गाडीचा हरवलेला वेग बहुधा एवढ्यानेच परत येतो.

त्याहून अधिक हवा असेल, तर आधी ब्रेकला विचारा. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. जुने ड्रम-ब्रेक मात्र तेवढेच राहतात, आणि आग्रा रस्त्यावर समोरून मालट्रक येत असतो. शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. मुले तो विसरणार नाहीत.